हेअरलॉचा आकडा

शुक्रवार, ७ मार्च १९९७

मिस प्रिंगल यांनी आज सगळं माझ्या हवाली केलं. कार्डांनी भरलेली बुटांची चार खोकी, एक नोंदवही, एक टाइप केलेली यादी, आणि वर चिठ्ठी : ‘चहाचे डाग पडता कामा नयेत.’ जणू मी डाग पाडतेच. अकरा वर्षांची होईपर्यंत मला आईनं घरीच शिकवलं, शाळेत घातलं नाही, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत. तेव्हा त्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

तर आता आमच्या खांब मंडळाच्या नोंदी मी ठेवायच्या. आमच्या भागातल्या डोंगरांवर सर्वेक्षणाचे चौसष्ट जुने खांब आहेत, छातीएवढे, सिमेंटचे. नकाशे करणाऱ्यांना त्यांचा आता उपयोग उरलेला नाही. ‘म्हणून तर आपल्याला आहे,’ असं बाबा म्हणतात. चालत जायचं, खांबाला हात लावायचा, त्याच्या पोटावरच्या पितळी पट्टीवरचा आकडा टिपायचा आणि कार्ड पाठवायचं. आकडा चुकला तर भेट रद्द. हा नियम मिस प्रिंगल यांचा. तिथं गेल्याशिवाय आकडा कळणार नाही, हा त्यामागचा विचार. पण यादीत सगळे आकडे आहेत, आणि दर मे महिन्यातल्या वार्षिक चहाला ती यादी टेबलावर उघडी पडलेली असते, आपले किती खांब राहिले ते ज्याचं त्याला पाहता यावं म्हणून. तेवीस माणसं आणि एक उघडी यादी. मला हे कायम खटकत आलंय.

यादीच्या तळाशी तारीख आहे, ऑक्टोबर १९८४. त्याआधी यादी नव्हतीच, नुसती कार्डं.

चौसष्टच्या चौसष्ट खांब सगळ्यांत आधी बाबांनी पुरे केले, १९८३ साली. मंडळाच्या ढालीवर पहिलं नाव एवर्ट डॉड. माझे बावन्न झालेत.

हात दोनदा धुऊन मगच खोकी उघडली.

रविवार, ९ मार्च

पहिलाच संशयास्पद माणूस सापडला. मिस्टर कथबर्ट ऑर्ड, निवृत्त बस ड्रायव्हर, जानेवारीत सभासद झालेले. एका महिन्यात अकरा कार्डं! त्यातलं एक हेअरलॉ टेकाडाचं. हेअरलॉला कोणी आनंदानं जात नाही. तीन मैल पाणथळ, आणि वर दोन कुत्रे सोडणारा शिकारीच्या माळाचा राखणदार. (तो गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाला म्हणे.) ऑर्ड यांनी आकडा लिहिलाय ७४१८. यादीत आहे ७४८१. म्हणजे हे गेलेच नाहीत. कोणाला तरी विचारून लिहिला असणार, आणि लिहिताना चुकला.

आज प्रार्थनेला ते आमच्या मागच्याच बाकावर होते. त्यांचे बूट पाहिले. डोंगरात जाणाऱ्याचे बूट इतके स्वच्छ?

बाबांचंही आज लक्ष नव्हतं. तीनशे बारावं गीत चालू होतं आणि त्यांनी पुस्तकात तीनशे एकविसावं उघडून ठेवलेलं. तोंडपाठ असल्यामुळे म्हणत मात्र बरोबर होते. मी हळूच पान बदलून दिलं. ते मागून ऑर्ड यांनी पाहिलं. बाहेर पडताना मला गाठून म्हणाले, “तुझी आई गेल्यापासून एवर्टची कार्डं येत नाहीत म्हणे?”

“बाबांचे सगळे खांब झालेत,” मी म्हटलं.

“झालेत म्हणून काय झालं? लोक दुसऱ्यांदा जातात की.”

या माणसाला आमच्या घरात काय शोधायचंय?

शनिवार, १५ मार्च

आज मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. ऑर्ड कोणत्या बसनं जातात ते पाहून त्याच बसनं, मागच्या बाकावर, डोक्यावर आईची लोकरी टोपी ओढून गेले. ते शीपरिगच्या खांबाकडे निघाले. खरंच चढले. मी दगडी गडग्याआडून सगळं पाहिलं. खांबाला हात लावला, वाकून आकडा टिपला, सँडविच खाल्लं. खाली उतरल्यावर मात्र ओढ्याशी बसले, पिशवीतून ब्रश काढला आणि बूट घासायला लागले. माणूस पुरावा धुतो तसे.

“ये बाहेर,” ते मान वर न करता म्हणाले. “हा गडगा तुझ्या बापानंच रचलाय, पण गडग्याला टोपी घातलेली मी कधी पाहिली नाही.”

मी बाहेर आले. कानांपर्यंत लाल झाले असणार.

“तुम्ही बूट का धुताय?”

“तीस वर्षं बस चालवली, पोरी. चिखलाचे बूट घेऊन चढणाऱ्या प्रत्येकाला मी झापलंय. आता स्वतः कुठल्या तोंडानं चढू?” मग जरा थांबून म्हणाले, “तुझे बाबाही असायचे माझ्या गाडीत. जायचं असायचं सदुसष्टनं आणि चढायचे शहात्तरमध्ये. मी म्हणायचो, एवर्ट, ही नव्हे रे तुझी. ते म्हणायचे, असू दे, चाललोय ना कुठंतरी.”

आणि मग माझ्याकडे बघत राहिले, जणू आता बोलायची पाळी माझी आहे.

मी टोपी खिशात कोंबली आणि बसथांब्याकडे निघाले. बाबांना वेंधळं ठरवण्याचा यांना काय अधिकार? बूट धुण्याचं कारण मात्र पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच ते पटवून घ्यायला मन धजत नाही.

शनिवार, २२ मार्च

हेअरलॉला जाऊन आले. ऑर्ड यांचं कार्ड रद्द करायचं तर आधी स्वतः खात्री करायला हवी, म्हणून एकटीच गेले. गुडघ्यापर्यंत पाणी, वर गारा. खांब मात्र सुंदर आहे. पूर्वेला समुद्राची रेघ दिसते.

पट्टीवर आकडा आहे ७४१८.

बोटानं चाचपून पाहिला. रुमालानं पुसून पाहिला. खाली बसून एकेक अंक मोठ्यानं वाचला. ऑर्ड बरोबर आहेत, यादी चूक आहे.

मग मनात आलं, पट्टी कोणी बदलली तर नसेल? कडेचं सिमेंट नखानं उकरून पाहिलं. जुनं, शेवाळलेलं. पन्नास वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही.

रविवार, २३ मार्च

काल झोप लागली नाही. आज दार लावून खोकी उघडली. हेअरलॉची अकरा कार्डं आहेत. दोघांनी ७४१८ लिहिलंय : आताचे ऑर्ड, आणि १९८९ सालचे हॅरी टली नावाचे दूधवाले. टली यांच्या कार्डावर मिस प्रिंगल यांची लाल शाई : ‘आकडा चूक. भेट रद्द.’ मला आठवतं, टली त्या वर्षी चहाच्या वेळी खुर्ची मागं ढकलून निघून गेले आणि परत कधी आले नाहीत. आम्ही सगळे त्यांना लबाड म्हणायचो. मीही म्हटलंय.

बाकी नऊ कार्डांवर ७४८१. नऊ जण. मिस प्रिंगल (१९८५), वुइल्फ हेडली, दोघी हॉग बहिणी... सगळे रविवारी माझ्या शेजारी बसून गाणारे. राखणदाराच्या कुत्र्यांना भ्यायले, पाणथळाला कंटाळले, आणि चहाला यादीत बघून आकडा उतरवून घेतला.

आणि नववं कार्ड बाबांचं. जून १९८२.

ते वेगळं काढून तासभर समोर ठेवलं. बाबांची त्रेसष्ट कार्डं आईच्या अक्षरात आहेत. दोघं नेहमी बरोबर जायची. मला आजीकडे ठेवायची, किंवा पाठीवर घेऊन न्यायची. फक्त हेच एक कार्ड बाबांच्या हातचं आहे, पेन्सिलनं, मोठमोठ्या अंकांत, दाबून लिहिलेलं. हेच का? त्या जूनमध्ये मला गोवर आला होता, आई माझ्या उशाशी होती. म्हणजे त्या दिवशी ते एकटे. पाहणारं कोणी नाही.

बाबांनी मला काठी आणि दोरी घेऊन कोन मोजायला शिकवलं. ‘एक कोन खोटा धरलास तर सगळा नकाशा खोटा, पोरी.’ हे त्यांचंच वाक्य.

गुरुवार, २७ मार्च

एकदा संशय आला की सगळंच दिसू लागतं. काल बाबा म्हणाले होते, गडग्याचं काम लवकर संपलं तर मी काम करते त्या ग्रंथालयात फोन करतो, बरोबर घरी जाऊ. फोन आला नाही. घरी विचारलं तर म्हणाले, “केला होता की. कसायानं उचलला.”

“कसायानं?”

“हो. मग म्हटलं फोन लागलाच आहे तर अर्धा किलो सॉसेज बाजूला ठेव.”

सॉसेज खरंच होती. पण ही कसली गोष्ट झाली? ग्रंथालयाचा नंबर त्यांना पाच वर्षं माहीत आहे. सोमवारी म्हणाले होते, चौदा नंबरच्या घरी कुंपण बघायला जातो. आज दुकानात एक्केचाळीस नंबरची बाई म्हणाली, तुझे बाबा सोमवारी येऊन गेले, भला माणूस, पण मी बोलावलंच नव्हतं. कुठं जातात, कुठं सांगतात! मला वाटायचं, हे फार साधे आहेत. साधी माणसं इतकी वेगवेगळी उत्तरं देत नाहीत.

शनिवार, ५ एप्रिल

आज विचारलं. बाबा कॉल्डबर्नच्या कुरणात पडका गडगा पुन्हा उभारत होते. ते टेपनं मोजत नाहीत, गाठी मारलेली दोरी वापरतात. मी डबा घेऊन गेले आणि तो उघडायच्या आतच बोलले.

“बाबा, मी हेअरलॉला गेले होते.”

“अरे वा! समुद्र दिसला?”

“पट्टीवर ७४१८ आहे. तुमच्या कार्डावर ७४८१.”

त्यांच्या हातात दगड होता. तो त्यांनी फिरवून फिरवून पाहिला, मग खाली ठेवला.

“मग पट्टीवर आहे तोच खरा.”

“पण तुम्ही गेला होतात का?”

“गेलो होतो.”

“मग आकडा कसा चुकला?”

त्यांनी दोरीची एक गाठ चाचपली. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज मलाच आवडला नाही, मिस प्रिंगल यांच्यासारखा येत होता.

“नियम काय आहे?” ते म्हणाले.

“आकडा चुकला तर भेट रद्द.”

“मग काट.”

“म्हणजे ढालीवरचं नावही जाईल. तुमचे त्रेसष्टच उरतील.”

“काट म्हटलं ना, हेस्टर. आण तो डबा इकडे.”

खरा माणूस चिडला असता. ओरडला असता, शपथ घेतली असती. ते नुसते पाव खात राहिले, आणि मान गेली लाल होऊन. लाज वाटली की माणूस असाच लाल होतो. मला ठाऊक आहे, मी रोज होते.

सोमवार, ७ एप्रिल

नोंदवहीत बाबांच्या नावापुढे काट मारली. आधी पेन्सिलनं. शाईनं मारायला दहा मेच्या चहापर्यंत वेळ आहे. तिथं सगळ्या नऊ जणांची नावं वाचायची, असं ठरवलंय. एकाला सोडायचं आणि आठांना धरायचं, हे मला जमणार नाही.

मिस प्रिंगल रस्त्यात भेटल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हेअरलॉवरून काय दिसतं हो? “शोभिवंत देखावा आहे,” त्या म्हणाल्या आणि छत्री उघडली. पाऊस नव्हता.

रविवार, २० एप्रिल

घरात बोलणं मीठमिरीपुरतं. बाबा दुसऱ्या खोलीत जाऊन रेडिओ लावतात. मी बरोबर आहे. हे मी रोज स्वतःला सांगते, आणि रोज सांगावं लागतं.

बुधवार, ७ मे

टपालात कार्ड आलंय.

बाबांचं. घरातला माणूस शेजारच्या खोलीत, आणि कार्ड टपालानं. हेअरलॉ, रविवार चार मे १९९७. (मला म्हणाले होते, गुडघा दुखतोय, पडून राहतो.) पेन्सिलनं, मोठमोठे अंक, इतके दाबून की मागच्या बाजूनं उमटलेत : ७४८१. खाली दुसऱ्या अक्षरात, ‘एवर्ट डॉड यांना खांबाला हात लावताना आणि पट्टी वाचताना पाहिलं. क. ऑर्ड.’

पहिला विचार आला तो लिहून ठेवते, कारण तो घाणेरडा होता : हे दोघं मिळून मला बनवताहेत. पण बनवायचं असतं तर बरोबर आकडा लिहिला असता. तो तर मीच सांगितला होता बाबांना, कुरणात, स्वतःच्या तोंडानं.

मला काहीच कळेनासं झालंय.

गुरुवार, ८ मे

ऑर्ड यांच्या घरी गेले. ते दारातच बूट पॉलिश करत होते.

“बाबा खरंच वर आले होते?”

“चार तास लागले. गुडघा सुजलाय त्यांचा, घरी सांगितलं नसेल.”

“मग तुम्ही आकडा का नाही सांगितला? तुम्हाला दिसत होतं ना ते चूक लिहिताहेत!”

“दिसत होतं. पण चढायच्या आधीच मला बजावलं होतं, ‘कडी,’ ते मला कडीच म्हणतात, ‘तू तोंड उघडायचं नाहीस. मी वाचणार.’ खांबापुढं गुडघे टेकून बसले, पोरी. दहा मिनिटं. बोट ठेवून एकेक अंक वाचला, मग लिहिला. मग परत पट्टीकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘झालं. बरोबर आलं या वेळी.’ मी काय बोलणार होतो?”

मी त्यांच्या हातातल्या बुटाकडे बघत होते.

“शहात्तर आणि सदुसष्ट,” ऑर्ड म्हणाले. “मी तुला तेव्हाच सांगत होतो. तू माझ्या बुटांकडे बघत बसलीस.”

तीनशे बारा आणि तीनशे एकवीस. चौदा आणि एक्केचाळीस. कसायाचा नंबर मी घरी येऊन पाहिला. ग्रंथालयाचाच, शेवटचे दोन अंक उलटे.

आणि आई. त्रेसष्ट कार्डं आईच्या अक्षरात, आणि वाचणं-लिहिणं शिकवायचं आईनं, कोन शिकवायचे बाबांनी. मी चोवीस वर्षं त्या घरात राहतेय. वाचून दाखव म्हणाले की वाचून दाखवलं, पान काढून दे म्हणाले की दिलं, आणि कधी विचारलं नाही.

रात्री आणखी एक लक्षात आलं, तेव्हा उठून दिवा लावला. बाबांचं कार्ड जून १९८२ चं. यादी ऑक्टोबर १९८४ ची. उतरवून घ्यायला यादी होतीच कुठं? यादीतला आकडा त्यांच्या कार्डावरून आलाय. बाकी आठ जणांनी बाबांचीच चूक उतरवली. दोन्ही तारखा माझ्या पुढ्यात होत्या, दोन महिने. मी संशय घेण्यात इतकी गुंतले होते की वजाबाकी करायला विसरले.

काट खोडरबरानं पुसली. पुसल्याचं दिसतंच.

शुक्रवार, ९ मे

बाबांना अजून काही बोललेले नाही. जे त्यांनी एवढी वर्षं झाकून ठेवलं ते मी उद्या बावीस जणांसमोर उघडं करणार नाही. एक वाक्य तयार केलंय : ‘हेअरलॉचा आकडा यादीत टाइप करताना चुकला आहे, तरी सर्वांच्या भेटी ग्राह्य धराव्यात.’ हे खोटं आहे. आणि त्यात आठ लबाड सुटतात. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं.

शनिवार, १० मे

चहा प्रार्थनाघराच्या मागच्या हॉलमध्ये. हॅमची सँडविच, हॉग बहिणींचा केक, मधोमध ढाल, शेजारी यादी. उघडी.

मी उभी राहिले आणि वाक्य वाचलं.

“टाइप करताना?” मिस प्रिंगल यांनी कप खाली ठेवला. “हेस्टर, मी एकतीस वर्षं शाळेचे निकाल टाइप केले. एक अंक इकडचा तिकडे झालेला नाही. तू काय म्हणतेयस याची तुला कल्पना आहे?”

“म्हणजे... तसं नाही, मिस प्रिंगल, एखाद्या वेळी...”

“एखाद्या वेळीसुद्धा नाही! घरच्या घरी शिकलं की हे असं होतं. कामात शिस्त नाही, आणि दोष दुसऱ्याच्या माथी.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उभे होते. ते या चहाला कधीच बोलत नाहीत.

“बाई, तिला बोलू नका,” बाबा म्हणाले. “पोरगी माझ्यासाठी खोटं बोलतेय, आणि तिला ते जमत नाही. टायपिंग तुमचं बरोबरच होतं. चूक माझ्या कार्डात होती. हेअरलॉला सगळ्यांत आधी गेलो मी, ब्याऐंशी साली, एकटा. बाकी सगळीकडे मेरियन बरोबर असायची, आकडा तीच वाचायची. माझ्यापुढं आकडे जागेवर बसत नाहीत. लहानपणापासून. मला दिसलं ते मी लिहिलं, तुम्ही माझ्या कार्डावरून यादी केलीत. गेल्या रविवारी पुन्हा गेलो, पुन्हा तसाच दिसला. आता काटायचं असेल तर काटा.” आणि खाली बसले.

कोणीतरी बशीत चमचा ठेवला.

मग हळूहळू एकेकाच्या लक्षात यायला लागलं. मला समोरून दिसत होतं. धाकट्या हॉगबाई केक कापत होत्या, त्या कापायच्या थांबल्या. वुइल्फ हेडली खिडकीबाहेर बघायला लागले. यादी बाबांच्या चुकीवरून झाली, खांबावर वेगळाच आकडा आहे, आणि तरी आठ कार्डांवर...

“म्हणजे...” वुइल्फ खाकरले. “आम्हालाही तो तसाच दिसला असेल. उजेडामुळे.”

“सगळ्यांनाच?” ऑर्ड म्हणाले. “साथ आली होती वाटतं.”

कोणी हसलं नाही. मग कोपऱ्यात कोणीतरी हसलं. मिस प्रिंगल यांचा चेहरा मला बघवेना. त्यांच्याही कार्डावर ७४८१ आहे आणि टली यांच्या खऱ्या आकड्यावर त्यांची लाल शाई आहे, हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी कोणाचंच नाव वाचलं नाही. फक्त एवढं म्हटलं, की हॅरी टली यांची भेट खरी होती, मी त्यांना आजच पत्र लिहिते. आणि पुढच्या रविवारी मी आणि बाबा हेअरलॉला जाणार आहोत. कोणाला नोंद नव्यानं करायची असेल तर वही माझ्याजवळ असेल.

घरी येताना बाबा म्हणाले, “पुढच्या रविवारी? मला कधी विचारलंस?”

“गुडघा बरा नसेल तर राहू दे.”

“कडीनं चहाडी केली वाटतं.”

“बाबा, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत? कुरणात?”

त्यांनी रस्त्याकडेच्या गडग्यावरचा एक हललेला दगड नीट बसवला. “तू विचारलंस, गेला होतात का. मी म्हटलं, गेलो होतो. त्याच्यापुढं काय सांगायचं असतं?”

मी माफी मागितली. ते म्हणाले, बरं. एवढंच. अजून पुरतं मिटलेलं नाही, हे मला कळतं.

रविवार, १८ मे

पायथ्याच्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा नव्हती. सात गाड्या, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की हवा छान पडली म्हणून सहज आलो. हॉग बहिणी म्हणाल्या, आम्ही पक्षी बघायला आलोय. दुर्बीण आणलेली नव्हती. हॅरी टली आले होते. त्यांना यायची काही गरज नव्हती. खुर्चीवर बसावं तसे पाणथळाच्या कडेला एका दगडावर बसले आणि एकेकाचे बूट चिखलात रुतताना बघत सफरचंद खात राहिले.

बाबा आणि मी सगळ्यांत आधी वर पोचलो. वाऱ्यानं खालच्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

“आई कसं करायची?” मी विचारलं.

“ती काही करायची नाही, वाचायची. पण एकदा म्हणाली, एवर्ट, आज तू वाच. आणि पट्टीवर हात ठेवला. एकेक अंक उघडा करत गेली.”

मी पट्टीवर हात ठेवला, आणि एक बोट सरकवलं.

“सात,” बाबा म्हणाले. पुढचं सरकवलं. “चार.” मग बराच वेळ गेला, कारण मी घाईनं दोन बोटं उचलली होती. एक परत ठेवलं. “एक. आठ.”

ते त्यांच्याच हातानं त्यांनी कार्डावर लिहिलं. मी वहीत उतरवलं. जुन्या, ब्याऐंशीच्या नोंदीचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. नियमानं ती रद्द आहे. माझ्या मनानं नाही. वहीत शेऱ्याला जागा थोडी आहे.

मग बाकीचे आले, धापा टाकत, दोघं-तिघं करून. खांबाला हात लावला, वाकून वाचलं, कार्ड दिलं. कोणी माझ्या नजरेला नजर देत नव्हतं. वुइल्फ हेडलींनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, उजेड आज बरा आहे.

सगळ्यांत शेवटी मिस प्रिंगल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत, कमरेपर्यंत चिखल, हॅट वाकडी. शेवटच्या गडग्यावरून बाबांनी त्यांना हात धरून अलीकडे घेतलं. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. श्वास लागला होता, चष्म्यावर धुकं साचलं होतं. पुष्कळ वेळानं खिशातून कार्ड आणि पेन काढलं, लाल नव्हे, निळं.

“मला आता वाकवत नाही,” त्या म्हणाल्या. “तूच सांग, एवर्ट. काय आहे आकडा?”

“छे, बाई,” बाबा म्हणाले. “एकदा माझ्या भरवशावर राहिलात ना? आता तुमचा तुम्ही वाचा.”

आणि त्यांना वाकता यावं म्हणून त्यांची काठी आपल्या हातात घेतली.